थोरलीची वाट

झोलाईच्या डोहात त्या सकाळी एकशे त्रेचाळीस खडस होते. त्याखेरीज सदतीस मरळ, नऊ वाम, दोनशेच्या वर शिंगट्या, तीन कासवं, आणि गावात कुणालाही पत्ता नसलेलं एक पाणमांजर. मादी. वय चार वर्षं.

हा सगळा हिशेब दोन लिटर पाण्यातून आला होता. समिधा शिगवणने डोहाच्या शेवटच्या पायरीवर बसून ते पाणी भरलं, शेजारी ठेवलेल्या डब्याएवढ्या यंत्रात ओतलं आणि आत्याने आणलेला चहा प्यायला घेतला. चहा संपायच्या आतच पडद्यावर आकडे उमटायला लागले.

खडस म्हणजे शहरातले लोक ज्याला महाशीर म्हणतात तो मासा. तळहाताएवढे खवले, कडेला सोनेरी झाक, आणि तोंड असं की सतत काहीतरी सांगायच्या बेतात असावा. कुडशेतात तो कुणी खात नाही. गारवी नदी जिथे देवळाला वळसा घालते तो डोह देवीचा, आणि डोहातले खडस देवीची लेकरं. तिथे गळ टाकणं तर सोडाच, कुणी कपडेसुद्धा धूत नाही. भाविक येतात, पायरीवरून मूठभर लाह्या टाकतात, आणि पाणी उकळी फुटल्यासारखं खदखदतं.

त्या लाह्या विकायची वनिता आत्या. समिधाला लहानपणापासून वाढवलं तिनेच, आणि गावाच्या डोह समितीची अध्यक्षही तीच.

"एकशे त्रेचाळीस?" आत्या म्हणाली. "मी दीडशे धरून चालले होते. बरं आहे तुझं खेळणं. पण बाय, पाण्यात हात न घालता मासे मोजायचे म्हणजे जरा जादाच झालं."

"आत्या, मासा पाण्यातून जातो ना, तेव्हा त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरातल्या पेशी सुटत राहतात. आपली कातडी झडते तशा."

"म्हणजे मी रोज ज्या पाण्यात पाय घालते ते माशांच्या कातडीचं पाणी?"

"आणि मासे तुझ्या."

आत्या मनापासून हसली.

पूर्वीची यंत्रं पाण्यात तरंगणारे डीएनएचे तुटके धागे वाचत. दहा पुस्तकं फाडून कपटे एकत्र केले, तर त्यात कोणत्या भाषेची पुस्तकं होती ते कळेल, पण किती होती ते कळणार नाही. त्या यंत्रांचं तसंच होई. समिधाच्या संस्थेने रत्नागिरीत बनवलेलं हे नवं यंत्र कपट्यांकडे बघतच नव्हतं. ते पाण्यातून न फुटलेली, अखंड पेशी शोधायचं, तिला तेलाच्या एका सूक्ष्म थेंबात बंद करायचं आणि तिच्यातला मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. एकच मजकूर असलेल्या पेशी एकाच माशाच्या. अखंड पेशी वाहत्या पाण्यात काही तासच टिकते, म्हणून ती सापडली की तो मासा आज इथे होता, ही पक्की साक्ष. दोन माशांचे मजकूर शेजारी ठेवले की नातंही कळायचं.

आणि वय. डीएनएची अक्षरं जन्मभर तीच राहतात, पण त्यांच्यावर अनुस्वारासारखे बारीक रासायनिक ठिपके चढतात आणि उतरतात. वय वाढतं तसा ठिपक्यांचा नकाशा बदलत जातो. म्हाताऱ्या माशाचं वय त्यावरून दोनेक वर्षांच्या फरकाने सांगता येतं. नवजात पिल्लात ठिपके इतक्या भराभर बदलतात की त्याचे दिवससुद्धा मोजता येतात.

"सगळ्यात थोरलं कोण मग?" आत्याने विचारलं.

समिधाने यादी वयाप्रमाणे लावली आणि पहिल्या ओळीपाशी थांबली. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"क्रमांक एक. मादी. एकाहत्तर."

"दिवस?"

"वर्षं."

आत्याने हातातली लाह्यांची मूठ तशीच धरून ठेवली. तिचं स्वतःचं वय त्रेसष्ट. ती जन्मली तेव्हा पायरीखालच्या या पाण्यात आठ वर्षांची एक मासळी फिरत होती. आत्याच्या आईने या डोहातल्या माशांना लाह्या टाकल्या असतील, तेव्हा ही वर आली असेल. गावात वीज आली, रस्ता आला, पोरं मुंबईला गेली, काही परत आली, आणि ही खाली तशीच फिरत राहिली. डोहातल्या एकशे त्रेचाळीसपैकी शहाण्णव जणांच्या मजकुरात तिचा मजकूर होता. लेकी, नाती, पणत्या.

"थोरली," आत्या हळूच म्हणाली. नाव तेव्हाच पडलं.

समिधा मात्र यादीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होती. सगळ्यात धाकटा खडस अकरा वर्षांचा होता. त्याच्याखाली कुणीच नव्हतं. दहाचा नाही, पाचचा नाही, एकाचाही नाही. तिने पुन्हा पाणी भरलं, दुसऱ्या कोपऱ्यातून भरलं, यंत्र धुऊन पुन्हा भरलं. यंत्राने तेच सांगितलं. देवीची लेकरं गुबगुबीत होती, निरोगी होती, आणि अकरा वर्षांत त्यांच्या घरी पाळणा हलला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी काय झालं, ते कुडशेतात शेंबडं पोरही सांगेल.

त्या उन्हाळ्यात गारवी आटली. डोह गुरांच्या डोणीएवढा उरला. मासे एकमेकांच्या अंगावर चढून श्वास घ्यायला लागले, तेव्हा वनिता आत्याने गावातल्या बायका गोळा केल्या आणि कळश्या-हंड्यांतून मासे देवळामागच्या विहिरीत नेले, पाऊस लागल्यावर परत डोहात सोडले. पोर कडेवर घ्यावं तसे. पावसाळ्यानंतर त्याच बायकांनी रेती वाहिली, मधू पालेकर गवंड्याने बांधकाम केलं, आणि डोहाच्या वरच्या अंगाला, नदी दोन कातळांमधून येते तिथे, पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. भिंतीमागे पाणी साठतं, आणि वैशाखापर्यंत एका नळातून थेंबथेंब डोहात उतरतं. तेव्हापासून उन्हाळ्यात एकही खडस मेला नाही. जिल्ह्यातून लोक ती भिंत बघायला येत.

समिधाने हे तीन दिवस पोटात ठेवलं. मग संध्याकाळी ओटीवर आत्या वाती वळत बसली असताना सांगून टाकलं. खडस डोहात अंडी घालत नाहीत. ते पावसाळ्यात वर चढतात, जिथे पाणी उथळ, थंड आणि धावतं असतं, तळाला स्वच्छ गोटे असतात. त्या गोट्यांच्या फटीत अंडी. भिंतीच्या वरचा नदीचा उथळ पट्टा, गाव ज्याला चाळण म्हणतं, ती तशीच जागा. आणि चाळणीकडे जायच्या वाटेवर भिंत.

"माझी भिंत," आत्या म्हणाली.

"आत्या, तू त्यांना वाचवलंस. ते वाचले म्हणूनच मोजायला उरलेत."

"गोड बोलू नकोस. माझ्या भिंतीने त्यांचा वंश खुंटवला, असं म्हणायचंय ना तुला? मग तसं म्हण." वात तिच्या बोटांत तुटली. "तुझ्या यंत्राला विचार, एकेक मासा किती वजनाचा होता ते. मी वाहिलेत. भिंत पाड आणि पुढच्या वैशाखात तू वाहा."

दुसऱ्या दिवसापासून आत्या तिच्याशी कामापुरतं बोलू लागली. ताट वाढलंय. गाडी आली. छत्री घे. समिधाला ओरडा परवडला असता.

आणि वाट बघायला वेळ नव्हता. यंत्राने सारा मजकूर वाचला होता, पण चाळणीची वाट त्या अक्षरांत कुठेच लिहिलेली नव्हती. ती शिकावी लागते. पिल्लं मोठ्यांच्या मागून जातात, पुढे त्यांच्या मागून त्यांची पिल्लं. समुद्रात काही जातींच्या थव्यांतले म्हातारे मासे पकडून संपवले, तेव्हा तरुण मासे शेकडो वर्षांची वाट एका पिढीत विसरून गेल्याचं समिधाने अभ्यासलं होतं. डोहात भिंतीच्या आधी विणीसाठी वर जाऊन आलेले जेमतेम वीसेक उरले होते. बहुतेक एकदा किंवा दोनदा गेलेले. थोरली मात्र त्याआधी पन्नासेक पावसाळे चढली होती. ती यंदा गेली नाही आणि पुढच्या वर्षी उरली नाही, तर भिंत पाडूनही उपयोग नव्हता. दार उघडं राहील आणि कुठे जायचं ते कुणाला ठाऊक नसेल.

चौथ्या दिवशी आत्या पहाटे उठून कुठेतरी गेली. परतली तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात पाण्याच्या चार बाटल्या. त्या तिने समिधापुढे ठेवल्या.

"चाळणीच्या आहेत. चार ठिकाणच्या. मी भरल्यात, तुझ्यावर विसंबले नाही. घाल यंत्रात."

बाटलीगणिक आकडे आले. झिंगे, खेकडे, बारक्या मासोळ्या. खडस शून्य. दुसरीतही शून्य. तिसरीत. चौथीत.

आत्याने चारही बाटल्यांची झाकणं लावली. "आम्ही पोरी चाळणीत गुरं पाणी पाजायला न्यायचो," ती म्हणाली. "पाण्यात उभं राहिलं की पिल्लं पायाला टोचायची. इतकी, की गुदगुल्या होऊन आम्ही किंचाळायचो. आज मी तिथे किती वेळ उभी होते, बाय. एकानेही टोचलं नाही." मग पदराने पाय पुसत म्हणाली, "ग्रामसभा लाव."

ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. समिधाने समजावलं, लोकांनी ऐकलं, आणि मग गलका झाला. देवस्थानचे खजिनदार भाई मोहिते उभे राहिले.

"वनिताबाईंनी बांधली तेव्हा भिंत पुण्याची, आणि पोरगी शिकून आली तर पापाची? उद्या हे यंत्र सांगेल देऊळ हलवा. हलवायचं?"

"भाई, देवळातून मासे जात नाहीत," मागून मधू गवंडी म्हणाला. हशा झाला. म्हातारा काठी टेकत पुढे आला. "भिंत पाडायला कशाला हवी? बैलगाडी जाईल एवढी फट पाडू, पार तळापर्यंत. दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा बसवू. पावसाळाभर फट उघडी. दसरा झाला, मासे उतरले, की खाचांतून ऐनाच्या लाकडाच्या फळ्या सोडायच्या आणि मधे माती ठासायची. पाणी अडलं. आमच्या वाडवडिलांनी असेच बंधारे घातले. तेव्हाच म्हणालो होतो मी. पण या बायांना पक्कं हवं होतं. दरसाल फळ्या काढा-घाला कोण करणार, म्हणाल्या."

सगळे आत्याकडे बघायला लागले.

"मी म्हणाले होते तसं," आत्या म्हणाली. "आता फळ्या माझ्या ओटीवर राहतील. दसऱ्याला घालणार मी, ज्येष्ठात काढणार मी. एक थेंब जरी गळला तरी मधूला बोलणार मी. कुणाला काही विचारायचंय?"

मंडपभर हात वर झाले.

पावसाआधी फट तयार झाली. गारवी भरली, आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा तिचं लाल पाणी भिंतीवरून कोसळण्याऐवजी भिंतीतून सरळ वाहिलं. समिधाने फटीच्या वरच्या अंगाला नळी सोडली आणि यंत्र कातळावरच्या पत्र्याच्या छपराखाली बसवलं. ते दर तासाला पाणी घेत राहिलं.

खडस शून्य. आषाढ सरत आला. खडस शून्य.

"दार उघडलंय पण पाहुणे घरातच," भाई मोहिते येता-जाता म्हणायचे. समिधा पाण्याचं तापमान तपासायची, वेग तपासायची, फटीतले दगड तपासायची. सगळं जसं हवं तसं होतं. मासे फटीपर्यंत येतसुद्धा नव्हते. सगळेच्या सगळे पायरीपाशी दाटून होते.

एका दुपारी ती पायरीवर बसली असताना भाविकांची गाडी आली. मुठीमुठीने लाह्या पडल्या, पाणी खदखदलं, आणि तिला दिसलं ते इतकं साधं होतं की तिला स्वतःचाच राग आला. भूक लागली की मासा हलतो. अंगात शक्ती आणि पोटात पोकळी, तेव्हा तो प्रवाहाचा वास घेतो. भिंत बघायला गर्दी वाढल्यापासून इथे दिवसातून वीस वेळा आभाळातून जेवण पडत होतं. असं घर सोडून कोण जाईल?

ती आत्याकडे गेली आणि दारातच उभी राहिली. भिंत कापून झाली होती. आता लाह्या. आणि परवा श्रावण लागत होता. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी.

"बोल," आत्या म्हणाली. "तुझं तोंड बघून कळतंय माझंच काहीतरी चुकलंय."

समिधाने सांगितलं. आत्याने लाह्यांच्या पोत्याकडे पाहिलं, देवळाच्या कळसाकडे पाहिलं आणि आत जाऊन झोपली.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पायऱ्या माणसांनी फुलल्या. आत्याच्या टपरीवर गोणपाट टाकलेलं होतं. ती स्वतः वरच्या पायरीवर हात जोडून उभी.

"आज लाह्या नाहीत. महिनाभर नाहीत. देवीच्या लेकरांना श्रावणाचा उपास आहे."

"माशांना कसला उपास, मावशी?" कुणीतरी विचारलं.

"तुम्हाला कसला? तसाच त्यांना."

"निदान साबुदाणा तरी टाकू द्या!"

"निर्जळीच धरायला लावणार होते," आत्या म्हणाली, "पण पाण्यातच राहतात बिचारी."

गर्दी खो-खो हसली, आणि कसं कोण जाणे, पटलंही. लोकांनी आणलेल्या लाह्या देवीच्या पायाशी वाहिल्या. संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावातसुद्धा बातमी गेली की यंदा कुडशेतचे मासे उपास करतायत. पुढच्या सोमवारी दुप्पट लोक आले, रिकाम्या हातांनी, बघायला.

आत्याला मात्र बघवेना. मासे पायरीशी येऊन तोंड उघडायचे, मिटायचे, उघडायचे. ती डोहाकडे पाठ करून वाती वळत बसायची. समिधा शेजारी बसायची. बोलणं नेहमीसारखं सुरू झालं होतं, कधी ते दोघींनाही कळलं नाही.

मग एका दुपारी पाऊस धो धो कोसळत असताना दोघी छपराखाली यंत्रापाशी उभ्या होत्या. खाली फटीतून नदी गर्जत येत होती. गढूळ, तांबडी, हातभर आतलंही न दिसणारी. पडद्यावर एक ओळ आली.

खडस. पेशी एक.

समिधाने मजकूर जुळवायला लावला. यंत्राला तेवढ्यासाठी मिनिटभर लागलं.

"कोण गो?" आत्याने विचारलं.

"क्रमांक एक."

आत्याने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

दिसत काहीच नव्हतं. कातळ थरथरत होता, पाण्याचे तुषार तोंडावर येत होते, आणि त्या लाल लोंढ्यात कुठेतरी एकाहत्तर वर्षांची एक मासळी अंगाने वाट उकलत वर गेली होती. कापलेली भिंत तिच्या आठवणीत नव्हती. तिच्या आठवणीत त्या जागी नदीच होती. अकरा पावसाळे तिने इथे डोकं आपटून पाहिलं असेल की कधीच सोडून दिलं असेल, ते यंत्र सांगू शकत नव्हतं. समिधाला वाटलं, समोरचं हे यंत्र फार हुशार आहे, आणि जे घडतंय त्याच्यापुढे फारच लहान.

"एकटीच?" आत्याने कुजबुजून विचारलं, जणू मोठ्याने बोललं तर ती परत फिरेल.

तासभराने दुसरी ओळ आली. क्रमांक सात, थोरलीची लेक. मग क्रमांक बावीस. मग तीन एकदम, तिघेही भिंतीनंतर वाढलेले, विणीसाठी कधी वर न गेलेले. ते तिच्या मागून चालले होते. अंधार पडेपर्यंत ओळी येत राहिल्या, आणि दोघींपैकी कुणालाच घरी जायचं सुचलं नाही.

श्रावण सरला, तसे मोठे खडस एकेक करून डोहात उतरले. थोरलीसुद्धा. आत्याने त्या दिवशी टपरीवरचं गोणपाट काढलं, लाह्यांचं पोतं उघडलं, थोडा विचार केला आणि पुन्हा बांधून ठेवलं.

भाद्रपदात उघडीप पडली. पाणी निवळलं. आत्या आणि समिधा चाळणीत गेल्या. आत्याने लुगडं खोचलं, गोट्यांवरून तोल सावरत उथळ पाण्यात उतरली आणि पाय स्थिर ठेवून उभी राहिली. समिधाने तिच्या पायांशेजारून दोन लिटर पाणी भरलं, काठावर ठेवलेल्या यंत्रात ओतलं आणि थांबली.

चाळण, मधला भाग. खडस. वेगवेगळे जीव: तीनशे अठरा. त्यांपैकी क्रमांक एकची: चव्वेचाळीस. वय: नऊ दिवस.